काळ्या जादूची हस्तपुस्तिका

१९९३ साली अमेरिकेत प्रेंटिस हॉल या प्रकाशनसंस्थेने ‘हाय-स्पीड डिजिटल डिझाइन’ नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. लेखक दोन : हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम. विषय वेगवान अंकीय विद्युत मंडलांच्या रचनेचा. म्हणजे भाषा-साहित्याच्या अध्यापकांनी लांबूनच नमस्कार करावा असा. परंतु या पुस्तकाला एक उपशीर्षक आहे आणि आमचे लक्ष प्रथम वेधले ते त्याने : ‘ए हँडबुक ऑफ ब्लॅक मॅजिक’, काळ्या जादूची हस्तपुस्तिका. जादू ही गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या. ती सांगितली की तिचा प्रभाव जातो, अशी तिच्याविषयीची समजूत. हस्तपुस्तिका मात्र कोणीही विकत घ्यावी, कामाच्या टेबलावर उघडी ठेवावी, हवे ते पान काढून पाहावे अशी. हे दोन शब्द शेजारी आणणे हा सरळसरळ विरोधाभास अलंकार आहे, आणि तो योजला आहे एका तांत्रिक ग्रंथाच्या मुखपृष्ठावर.

या पुस्तकात जे पदार्थविज्ञान आहे त्यातले बहुतेक सारे पुस्तकाच्या जन्माआधी शंभर वर्षे ज्ञात होते. त्याची समीकरणे लिहिली गेली होती, ती प्रयोगाने पडताळली गेली होती, त्यांवर टेलिफोनचे जाळे उभे राहिले होते. मग विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, उत्तम विद्यापीठांतून शिकून आलेल्या अभियंत्यांना तेच ज्ञान जादूटोण्यासारखे का वाटावे? आमचे म्हणणे असे की जॉन्सन आणि ग्रॅहम यांची हस्तपुस्तिका शोधाचा ग्रंथ नाही. ती एका विस्मरणानंतर लिहिलेली स्मरणवही आहे. आणि त्या विस्मरणात तंत्रज्ञानाइतकाच भाषेचा, विशेषतः एका शब्दाचा, वाटा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा इतिहास मांडण्याचे कारण हेच.

आधी अडचण काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अंकीय मंडलांचा विद्यार्थी पहिल्या वर्षी जी आकृती काढायला शिकतो तिच्यात चौकटी असतात आणि त्या चौकटींना जोडणाऱ्या रेषा असतात. चौकट काहीतरी करते : दोन संकेतांची तुलना करते, बेरीज करते, एखादा अंक लक्षात ठेवते. रेषा काहीच करीत नाही. रेषेच्या एका टोकाला शून्य असेल तर त्याच क्षणी दुसऱ्या टोकालाही शून्य आहे, एवढाच तिचा अर्थ. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर चौकटी ही नामे-क्रियापदे आणि रेषा म्हणजे निव्वळ उभयान्वयी अव्यय. या गृहीतावर अंकीय तर्काची सारी इमारत उभी आहे, आणि गृहीत म्हणून ते अत्यंत फलदायी आहे. त्याच्याशिवाय हजारो चौकटींचे यंत्र कोणाच्याही डोक्यात मावले नसते.

प्रत्यक्षात मात्र रेषेच्या जागी तांब्याची पट्टी असते, आणि तांब्याला लांबी असते. काचतंतू आणि राळ यांपासून बनवलेल्या नेहमीच्या बोर्डावर विद्युत संकेत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे १५ सेंटिमीटर जातो. हा वेग प्रकाशाच्या निर्वातातील वेगाच्या साधारण निम्मा. (अमेरिकी नौदलातील संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत श्रोत्यांना ११.८ इंच लांबीचे तारेचे तुकडे वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेवढे अंतर कापतो तेवढी ती लांबी. नॅनोसेकंद हातात धरता यावा म्हणून केलेली ही युक्ती आम्हाला अध्यापनाचा नमुना म्हणून फार आवडते.) आता समजा, एखादा संकेत शून्यावरून एकावर चढायला एक नॅनोसेकंद घेतो. या वेळाला आपण चढकाळ म्हणू. तर ती चढण बोर्डावर १५ सेंटिमीटर लांबीत पसरलेली असते. पट्टी त्या लांबीच्या एक-षष्ठांशाहून, म्हणजे अडीच सेंटिमीटरांहून, आखूड असेल तर ती सगळी एकदमच वर-खाली होते आणि ‘रेषा काहीच करीत नाही’ हे गृहीत चालून जाते. ती त्याहून पुरेशी लांब झाली की संकेत लाटेसारखा धावतो, पलीकडच्या टोकावर आपटतो आणि परत येतो. सह्याद्रीच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली की ती परत येते तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे हाक आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, पट्टी घंटेसारखी घुमू लागते, आणि पलीकडची चौकट एकच चढ दोनदा मोजते. आकृतीत चूक सापडत नाही, तर्कात चूक सापडत नाही, आणि यंत्र अधूनमधून चुकते. जादूटोण्याचा संशय यायला एवढे पुरे.

यात एक बारकावा आहे व हस्तपुस्तिका आरंभीच त्यावर बोट ठेवते. यंत्र सेकंदाला किती वेळा टिकटिक करते याचा येथे प्रश्न नाही. प्रत्येक टिक किती तडकाफडकी होते याचा आहे. अगदी संथ यंत्रातसुद्धा एखादी चौकट नव्या, चपळ जातीची बसवली की पट्ट्या घुमू लागतात.

ही अडचण संगणकाच्या पोटी जन्मलेली नाही. लांब तार ही केवळ रेषा नव्हे, याचा पहिला मोठा अनुभव समुद्राच्या तळाशी आला. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागरातून पहिली तारयंत्राची केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले. केबलच्या एका टोकाला दिलेला तीव्र ठोका दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पसरट, मंद फुगवटा होऊन जाई. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी या पसरण्याचा सिद्धान्त काही वर्षे आधीच मांडला होता. पण कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. त्यांचा या गणितावर विश्वास नव्हता. संदेश जात नसेल तर जोर वाढवावा, या व्यवहारी न्यायाने त्यांनी केबलवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला, आणि आधीच दुबळी असलेली ती केबल काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. टिकाऊ केबल १८६६ मध्ये पडली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७० मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्याच अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली. लंडनची बातमी मुंबईच्या वृत्तपत्रांत काही तासांत येऊ लागली ती या विद्येच्या जोरावर.

थॉमसनच्या सिद्धान्तात तारेचा रोध होता, तिची विद्युतधारणा होती; पण प्रवाह बदलू लागला की त्या बदलाला चुंबकीय क्षेत्राकडून होणारा जो विरोध, ज्याला इंडक्टन्स म्हणतात, तो वगळलेला होता. कमी वेगाला ते चालण्यासारखे होते. ही उणीव भरून काढली ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी. या माणसाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. १८५० मध्ये लंडनमध्ये जन्म, घरची गरिबी, लहानपणीच्या आजाराने आलेला बहिरेपणा, विद्यापीठाचे शिक्षण नाही. तारयंत्राच्या संशोधकांपैकी चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान; त्यामुळे तार कंपनीत नोकरी मिळाली. १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती सोडून ते घरी बसले आणि मॅक्सवेलचा १८७३ चा विद्युत-चुंबकत्वावरील महाग्रंथ स्वतःच्या बळावर वाचू लागले. १८७६ मध्ये त्यांनी तारेच्या समीकरणात इंडक्टन्स घातला आणि तार ही लाटा वाहून नेणारी वस्तू झाली. १८८५ पासून ‘द इलेक्ट्रिशियन’ या व्यावसायिक साप्ताहिकात त्यांची लेखमाला चालली. लाट टोकावर का परतते, आणि टोकाला नेमका किती रोध ठेवला म्हणजे ती परत न येता तेथेच जिरते, हे तीत आहे. आज प्रत्येक वेगवान बोर्डावर पट्टीच्या टोकाशी जो बारीकसा रोधक डकवलेला असतो त्याची उपपत्ती ती हीच. तारेतील ऊर्जा तांब्याच्या आतून वाहत नसून तांब्याभोवतीच्या अवकाशातून वाहते, हा विचारही पॉइंटिंग यांच्याबरोबरच, पण स्वतंत्रपणे, हेव्हिसाइडांना सुचला होता.

या लेखनाचे पुढे काय झाले ही कथा हस्तपुस्तिकांच्या इतिहासात ठेवली पाहिजे. ब्रिटिश टपाल खात्यात तेव्हा विल्यम प्रीस नावाचे वजनदार अभियंते होते. आपण व्यवहारातली माणसे, गणिती नव्हे, याचा त्यांना अभिमान होता. टेलिफोनवर किती अंतरापर्यंत बोलता येईल हे ठरवण्यासाठी त्यांनी थॉमसनच्या केबलच्या सिद्धान्तातून एक सोयीचा नियम काढला : तारेचा एकूण रोध आणि एकूण विद्युतधारणा यांचा गुणाकार पाहा. समुद्रातल्या संथ संदेशांसाठी तो नियम ठीक होता. मानवी आवाजाच्या वेगवान कंपनांसाठी तो चुकीचा होता, कारण तेथे इंडक्टन्स निर्णायक ठरतो. इतकेच नव्हे, इंडक्टन्स वाढवला तर आवाज अधिक स्वच्छ जाईल, असे हेव्हिसाइडांनी १८८७ मध्ये दाखवले. प्रीस इंडक्टन्सला शत्रू समजत. त्यांनी त्या निष्कर्षाचा निबंध अडवून धरला, आणि त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’मधील लेखमालाही थांबली. पुढे १९०० साली अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी तारेवर ठरावीक अंतरांनी वेटोळी बसवण्याचे पेटंट मिळवले आणि ते टेलिफोन कंपनीला विकून ते धनवान झाले. हेव्हिसाइड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे एकाकी, चणचणीत राहिले.

प्रीस यांना केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्याने काही हाती लागत नाही. त्यांचा नियम हा हस्तपुस्तिकेच्या जातीचाच नियम होता : आखूड, लक्षात राहणारा, आकडे घालून लगेच उत्तर देणारा. त्याच्याबरोबर यायला हवी होती ती अट, म्हणजे ‘संकेत संथ असेल तर’ एवढे वाक्य, मागे राहिले. नियम अटीपासून सुटला की तो किती काळ आणि किती मोठ्या खात्याला चकवू शकतो याचे हे उदाहरण आहे. दुसऱ्या बाजूला, हेव्हिसाइडांचे लेखन वाचण्याचा ज्याने प्रयत्न केला असेल त्याला हेही मान्य करावे लागेल की ते कामाच्या टेबलावर उघडे ठेवण्यासारखे नव्हते. स्वतः निर्माण केलेली परिभाषा, तिरकस शेरे, मधल्या पायऱ्या गाळलेल्या. ज्ञान एका ठिकाणी होते आणि ते वापरता येईल असे गद्य दुसऱ्या ठिकाणी.

आता त्या शब्दाकडे येऊ. १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांच्या असे ध्यानात आले की तारयंत्राला दोन तारा लागत नाहीत. जाणारा प्रवाह एका तारेने न्यावा आणि परतीचा प्रवाह जमिनीतून येऊ द्यावा; दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले की झाले. तांब्याचा निम्मा खर्च वाचला, आणि आकृतीतून परतीची वाट नाहीशी झाली. तिच्या जागी एक खूण आली : खाली निमुळत्या होत जाणाऱ्या आडव्या रेघा. त्या खुणेचे नाव ‘ग्राउंड’ किंवा ‘अर्थ’. आपल्याकडचा वायरमन ‘अर्थिंग’ म्हणतो तेव्हा तो निदान खरोखरीच्या जमिनीविषयी बोलत असतो. त्याने अंगणात खड्डा खणलेला असतो. पण हीच खूण पुढे रेडिओच्या, मग संगणकाच्या आकृतीत आली, जेथे जमिनीचा काहीही संबंध नाही. हातातल्या यंत्रात कसली आली जमीन? तरी शब्द राहिला, आणि शब्दाबरोबर त्याची छाया राहिली : ग्राउंड म्हणजे अशी जागा की जेथे कितीही प्रवाह ओतला तरी ती तसूभर हलत नाही, आणि जेथे ओतलेल्या प्रवाहाचे पुढे काय होते हे विचारायचे कारण नाही. रूपक मेले की त्याचा वाच्यार्थ होतो, असे आपण अलंकारशास्त्रात शिकवतो. येथे मेलेल्या रूपकाने एक भौतिक वस्तू झाकून टाकली. प्रत्येक संकेताला परतीचा प्रवाह असतो, त्या प्रवाहाला वाट लागते, आणि ती वाट लांब पडली तर संकेत बिघडतो, हे सारे त्या तीन आडव्या रेघांच्या मागे गेले.

विस्मरणाचे दुसरे कारण विद्याशाखांच्या विभागणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी एमआयटीमध्ये जी रेडिएशन लॅबोरेटरी चालली तिने युद्ध संपल्यावर एक असाधारण गोष्ट केली : काही माणसे मागे ठेवून त्यांच्याकडून मिळवलेले सारे ज्ञान लिहून काढले. १९४७ ते १९५३ या काळात मॅकग्रॉ-हिल यांनी ते २८ खंडांत छापले. लाटा, स्पंद, परावर्तन यांविषयी तेव्हा जे माहीत होते ते तेथे आहे. पण त्या खंडांचे वारस ठरले ते मायक्रोवेव्हचे अभियंते. तर्कमंडलांचा अभ्यास वेगळ्या वर्गात, वेगळ्या पुस्तकांतून, बहुधा वेगळ्या मजल्यावर होऊ लागला. एकाच महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवणारा आणि काव्यशास्त्र शिकवणारा वर्षानुवर्षे परस्परांचे पुस्तक उघडीत नाहीत, हे आम्हाला काही नवे नाही.

सर्वच संगणकवाले विसरले असे मात्र नाही. महासंगणक बांधणाऱ्या मोजक्या मंडळींना विसरणे परवडणारे नव्हते. १९७६ च्या क्रे-१ या यंत्राची टिकटिक १२.५ नॅनोसेकंदांची होती. त्याचा घोड्याच्या नालासारखा आकार पाहून लोकांना कौतुक वाटे. तो आकार तारा आखूड राहाव्यात म्हणून होता, एकही तार चार फुटांहून लांब नाही. परंतु हे ज्ञान त्या त्या कारखान्याच्या भिंतींच्या आत, माणसाकडून माणसाकडे जाणारे. लिहून बाहेर आले ते एका वेगळ्याच वाटेने, विक्रीच्या निमित्ताने. मोटोरोला कंपनी १९६२ पासून ‘एमईसीएल’ नावाच्या अतिवेगवान तर्कचौकटी विकत होती. १९६८ मध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या पिढीचा चढकाळ एक नॅनोसेकंदावर आला. चौकटी उत्कृष्ट होत्या, पण त्या घेणाऱ्याला जर पट्ट्या कशा आखाव्यात हेच माहीत नसेल तर त्या चालणार नाहीत आणि परत येतील. म्हणून १९७१ मध्ये कंपनीने विल्यम ब्लड यांनी लिहिलेली ‘एमईसीएल सिस्टिम डिझाइन हँडबुक’ प्रसिद्ध केली. तीत परावर्तनाचे आलेख आहेत, टोकाला रोधक लावण्याच्या पद्धती आहेत, पट्टी किती लांब चालेल याची कोष्टके आहेत. हेव्हिसाइडांचे गणित, नाव न घेता, दुकानदाराच्या भाषेत उतरलेले आहे. आणि हे आम्ही निंदेने म्हणत नाही. माल विकणाऱ्याला वाचकाची अडचण खरोखर कळावी लागते. आपल्या अनेक विद्वत्ग्रंथांच्या लेखकांवर तशी सक्ती असती तर बरे झाले असते.

याच सुमारास कंपनीने आणखी एक गोष्ट केली, आणि आम्हाला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. १९७१ च्या एमईसीएल १०,००० या नव्या मालिकेत चौकटीचे उत्तर दोन नॅनोसेकंदांत मिळे, पण तिचा चढकाळ मुद्दाम लांबवून सुमारे साडेतीन नॅनोसेकंद केलेला होता. म्हणजे चौकट चपळ, तिची चढण मात्र सौम्य. त्यामुळे पट्ट्या लांब ठेवता आल्या, साध्या बोर्डांवर, गुंडाळलेल्या तारांवरसुद्धा काम निभू लागले. वाचकाला शिकवणे जेथे जड जाते तेथे वस्तूच त्याच्या आवाक्यात आणायची, असा हा निर्णय. हस्तपुस्तिका आणि तिचा विषय एकमेकांना घडवीत होते.

त्या हस्तपुस्तिकेचा वाचकवर्ग तरीही लहानच राहिला. बहुसंख्य अभियंते टीटीएल नावाच्या स्वस्त, संथ चौकटी वापरीत, आणि त्यांचे पुस्तक होते डॉन लँकेस्टर यांचे १९७४ चे ‘टीटीएल कुकबुक’. नावच सांगते : पाककृतींचे पुस्तक. अमुक इतके हे घ्या, तमुक त्याला जोडा, घड्याळ तयार. पुस्तक प्रसन्न आहे, त्याने कितीतरी लोकांना घरबसल्या ही विद्या दिली, आणि त्याच्या जगात रेषा काहीच करीत नाहीत, कारण टीटीएलच्या चढकाळाला एका वितीची पट्टी आखूडच होती. स्वयंपाकाच्या पुस्तकात भांड्याच्या धातूची चर्चा नसते, तसेच हे. जोवर भांडे तेच आहे तोवर काही बिघडत नाही.

१९८० च्या दशकात भांडे बदलले, आणि कोणी सांगितले नाही. सिलिकनवरची रचना दर पिढीला बारीक होत गेली, तशा चौकटी आपोआप चपळ झाल्या. त्याच क्रमांकाची, त्याच कामाची चौकट बाजारातून नवी आणावी आणि जुन्या बोर्डावर लावावी, तर बोर्ड बिघडावा. दशकाच्या मध्यात आलेल्या प्रगत सीमॉस जातीत तर आठ संकेत एकदम खाली आले की चौकटीचा स्वतःचा ग्राउंडच क्षणभर उसळी घेऊन वर येई. ‘ग्राउंड बाउन्स’, जमिनीची उडी. न हलणारी म्हणून जिची व्याख्या केली ती जमीन हलू लागली तेव्हा शब्दाचा खोटेपणा उघडा पडला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने यावर उपाय म्हणून आपल्या चौकटींचे वीजपुरवठ्याचे पाय कोपऱ्यांतून काढून मध्यभागी आणले. वाट आखूड झाली की उडी लहान होते. ग्राहकांना पायांची जुनी जागा सवयीची होती, त्यांना ते रुचले नाही, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पाककृतींवर वाढलेली पिढी अशा रीतीने, न कळत, १८८७ सालच्या प्रश्नांसमोर येऊन उभी राहिली.

जॉन्सन-ग्रॅहम यांचे पुस्तक या पिढीसाठी आहे. ग्रॅहम हे बर्कलीचे प्राध्यापक, निर्वात नळ्यांच्या काळापासून संगणक बांधत आलेले. जॉन्सन तरुण, उद्योगात काम केलेले. पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिले प्रकरण मूलतत्त्वांचे, दुसरे चौकटींच्या गुणधर्मांचे, आणि तिसरे लगेच मोजमापाच्या पद्धतींचे. लाटा वाहणाऱ्या तारेचा सिद्धान्त येतो चौथ्यात. विद्यापीठीय ग्रंथाने हा क्रम कधीच ठेवला नसता. तेथे आधी सिद्धान्त आणि मोजमाप परिशिष्टात. येथे लेखक आधी वाचकाला पाहायला शिकवतात, कारण त्यांच्या वाचकाची मूळ अडचण पाहण्याचीच आहे. ऑसिलोस्कोपच्या नेहमीच्या शोधशलाकेला ग्राउंडला जोडायची काही इंच लांबीची जी तार असते ती स्वतःच एक वेटोळे असते, आणि पडद्यावर दिसणारे घुमणे कित्येकदा बोर्डाचे नसून त्या तारेचे असते. मग काय करायचे? घरीच शोधशलाका बनवायची : ५० ओहमच्या समाक्ष केबलच्या टोकाला एक हजार ओहमचा एक साधा रोधक डाखायचा. हजार अधिक पन्नास, भागिले पन्नास. संकेत एकवीस पट लहान दिसतो, पण खरा दिसतो. काही रुपयांचे काम. जादूच्या पुस्तकातला पहिला मंत्र हा असा आहे, आणि तो मंत्र संपताच जादू बरीचशी उतरते.

पाचव्या प्रकरणात परतीच्या प्रवाहाची कथा येते. तांब्याच्या अखंड थरावरून परत येणारा प्रवाह संथ असेल तर कमी रोधाची वाट, म्हणजे जवळची सरळ वाट घेतो. वेगवान प्रवाह तसे करीत नाही. तो कमी इंडक्टन्सची वाट घेतो, आणि ती असते जाणाऱ्या पट्टीच्या नेमकी खाली, तिची सगळी वळणे घेत, सावलीसारखी. त्या थरात कोणी जागेच्या सोयीसाठी एक चीर पाडली तर सावलीला वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशातून शेजारच्या पट्ट्यांवर खोटे संकेत उमटतात. वरची पट्टी निर्दोष, वरचे आरेखन निर्दोष, दोष खालच्या न पाहिलेल्या थरात. अशा उपद्रवातील दोन पट्ट्यांना या व्यवसायात ‘अ‍ॅग्रेसर’ आणि ‘व्हिक्टिम’ म्हणतात, आक्रमक आणि बळी. ही नाटकाची भाषा त्यांच्या कोरड्या कोष्टकांत वावरते याची मौज वाटते.

प्रत्येक विभागाच्या शेवटी चौकटीत ‘लक्षात ठेवण्याचे मुद्दे’ आहेत, आणि परिशिष्टात ते सारे पुन्हा एकत्र छापले आहेत. पुस्तकाचा सर्वांत वापरला जाणारा भाग हाच असणार, आणि आमच्या मते सर्वांत धोक्याचाही. सूत्र आणि भाष्य वेगळी झाली की सूत्राचे काय होते हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे. प्रीस यांच्या नियमाचे काय झाले ते वर आलेच आहे. एक उदाहरण घ्या. चढकाळावरून संकेतातील महत्त्वाची सर्वोच्च कंपनसंख्या काढायची तर जॉन्सन-ग्रॅहम सांगतात : ०.५ ला चढकाळाने भागा. एरिक बोगाटिन यांच्या २००३ मध्ये आलेल्या ‘सिग्नल इंटिग्रिटी : सिम्प्लिफाइड’मध्ये तोच आकडा ०.३५ आहे. चढकाळाची व्याख्या दोघांचीही तीच, दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत. पाठभेद म्हणावा असा हा प्रकार. पण येथे एक पाठ शुद्ध आणि दुसरा भ्रष्ट असे नाही : ‘महत्त्वाची’ म्हणजे कोठपर्यंत, याची रेघ दोघांनी वेगळ्या जागी ओढली आहे. ज्याने भाष्य वाचले त्याला हे कळते. ज्याने चौकट तेवढी पाठ केली तो दोन आकड्यांवरून वाद घालतो.

बोगाटिन यांच्या शीर्षकात जादू उरलेली नाही. तेथे ‘सुलभीकृत’ असा मास्तरी शब्द आहे. दहा वर्षांत विषयाला वर्गात जागा मिळू लागली होती हे त्यावरून दिसते. जॉन्सन-ग्रॅहम यांनी मात्र त्याच वर्षी आलेल्या आपल्या दुसऱ्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘प्रगत काळी जादू’ म्हणून तो विनोद चालू ठेवला. बोगाटिन यांचा कटाक्ष आणखी एका गोष्टीवर आहे, आणि ती १८३८ पासून चालत आलेल्या शब्दाविषयीची आहे. वाचकाने ‘ग्राउंड’ हा शब्द विसरावा आणि त्याजागी ‘परतीची वाट’ असा विचार करावा, असे ते बजावतात. एका अभियांत्रिकी ग्रंथाने एक शब्द टाकून देण्याचा उपदेश करावा, हे आमच्या वाचनात तरी विरळा आहे. अभियंत्यांनी तो उपदेश वाचला, वाखाणला, आणि परतीची वाट ते खरोखर काळजीने आखू लागले. त्या थराचे नाव मात्र आजही कोणत्याही बोर्डाच्या आराखड्यात तीन अक्षरांनीच छापलेले असते : जीएनडी.